तेरा कप्प्यांचं हृदय

दहावीला गणितानं मला पास केलं, ते निव्वळ उपकार म्हणून. त्यामुळे अकरावी सायन्सच्या फॉर्मवर ‘गणित’ आणि ‘बायोलॉजी’ अशा दोन चौकटी दिसल्या, तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. हुशार मुलं दोन्हींवर खूण करत होती. इंजिनीअरिंग नाही तर मेडिकल, एक तरी दार उघडं राहावं म्हणून. मी गणिताच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि बायोलॉजीत शिरलो.

त्यातला अर्धा भाग वनस्पतिशास्त्राचा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. जास्वंद आणायला सांगितली की जास्वंद मिळते आणि कापली तरी टेबलावरून पळत नाही. उरलेला अर्धा प्राणिशास्त्राचा. प्राणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वाघ, हत्ती, गेला बाजार माकड तरी आलं होतं. प्रत्यक्षात आलं गांडूळ, आणि त्याच्या मागोमाग झुरळ.

“पुढच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकानं दोन झुरळं आणायची,” मॅडम म्हणाल्या. “जिवंत. आणि मिशांसकट.”

आम्ही चाळीत राहत होतो, त्यामुळे मी निर्धास्त होतो. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती एकदम ताठ झाली.

“आपल्या घरात झुरळं नाहीत.”

“अगं, काल रात्रीच चप्पल मारलीस की!”

“ते शेजारून आलं होतं.”

शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांनी ‘बाळा, आत ये’ वगैरे म्हटलं, माझं काम ऐकलं आणि सांगितलं, “आमच्यात कुठली झुरळं? येतात ती तुमच्याच मोरीतून.” माझ्या अभ्यासक्रमामुळे दोन घरांमधली हळदीकुंकवाची देवाणघेवाण पंधरा दिवस थांबली.

शेवटी रात्री बारानंतर बॅटरी आणि लोणच्याची रिकामी बरणी घेऊन मीच मोरीपाशी दबा धरून बसलो. एरवी दिवा लावला की पाच-सहा जणं सैरावैरा धावायची. त्या रात्री कोणी फिरकेना. त्यांच्यात बातमी फुटली असावी. पहाटे तीनला दोन सापडली. बरणी पाहून आईनं विचारलं, “नाव काय म्हणालास ह्याचं?”

“पेरिप्लॅनेटा अमेरिकाना.”

“अमेरिकेतलं? मग आपल्या मोरीत काय करतंय?”

प्रश्न रास्त होता. ह्या झुरळाचं मूळ घर आफ्रिका. जहाजांतून ते जगभर पसरलं. लिनियसनं १७५८ साली त्याला हे नाव देऊन टाकलं आणि ते चिकटलं. बरणी मात्र आईनं पुन्हा घरात घेतली नाही.

प्रॅक्टिकलला क्लोरोफॉर्म दिलेलं झुरळ मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी पालथं टोचायचं आणि पाठीकडून उघडायचं. उघडल्यावर कळलं, की ह्या प्राण्याच्या रचनेत माणसाशी जुळेल असं काही ठेवायचंच नाही, असं ठरवलेलं आहे. हृदय पाठीशी. मज्जारज्जू पोटाशी. श्वास नाकानं नाही, अंगाच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून. दात तोंडात नाहीत, पोटात. आणि डोकं उडवलं तरी कित्येक दिवस जगतं. (हे पुढे मला नोकरीत साहेब समजून घ्यायला उपयोगी पडलं.)

पण खरा घात वेगळाच होता. ज्याच्या भीतीनं मी इथे पळून आलो होतो, ते झुरळाच्या पोटात बसलेलं होतं. हृदयाचे कप्पे १३. पोटातले दात ६. श्वासाच्या भोकांच्या जोड्या १०. यकृताच्या नावानं ज्या नळ्या आहेत त्या ८, आणि उत्सर्जनाच्या पिवळट नळ्या १०० ते १५०. मॅडम म्हणायच्या, “नीट मोजा.” मी कात्री फिरवली तेव्हा हृदयच पाठीच्या सालीबरोबर निघून गेलं, त्यामुळे तेरा कप्पे मोजायचा प्रश्न मिटला. जर्नलमध्ये मी ते पुस्तकातून काढले. एक कप्पा जास्त झाला, तो खोडरबरानं पुसला. कागद फाटला.

बारावीच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझ्या ट्रेकडे बराच वेळ पाहिलं. त्यात आता नेमकं काय होतं हे माझ्याइतकंच त्यांनाही कळत नसावं. त्यांनी हळूच विचारलं, “नर की मादी?”

“सर, सापडलं तेव्हा अंधार होता.”

मार्क किती पडले ते विचारू नका. उत्तर मात्र त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मी आजतागायत विसरलेलो नाही. तेव्हा तुमच्या मोरीत झुरळ निघालं, तर चप्पल उचलण्यापूर्वी एकदा त्याचं मागचं टोक बघा. दोन जाड शेपट्या दोघांनाही असतात. त्यांच्यामध्ये आणखी दोन बारीक काड्या दिसल्या तर नर. नसल्या तर मादी, आणि तिच्या एकेका डबीत १४ ते १६ अंडी असतात. मग शेजारच्या काकूंशी भांडायला जायचं ते लगेच जा.