तर्री आणि हातवारे

गाडी डावीकडे वळवायची असेल तर चालवणाऱ्यानं उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवावा, असं १९८९ सालच्या वाहतूक नियमांत लिहिलेलं होतं. नागपुरातला आमचा ऑटोवाला डावीकडे वळताना डावा पाय बाहेर काढी, उजवीकडे वळताना काहीच काढत नसे, आणि थांबायच्या आधी नुसती मान हलवी. ती मागच्यासाठी नसावी, देवासाठी असावी. शेजारी बसलेल्या जपानी पाहुण्यानं पायाचे फोटो काढले.

पाहुणा लेकीच्या ऑफिसातला. त्याला दीक्षाभूमी आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस बघायचं होतं. लेकीला रजा नव्हती, आणि बाबा काय, रिकामेच आहेत, असं घरात परस्पर ठरलं. मला जपानी येत नाही, त्याला मराठी येत नाही आणि इंग्रजी दोघांचंही बेताचंच. म्हणजे सगळी भिस्त हातांवर.

सुरुवात झकास झाली होती. ऑटो त्यानंच थांबवला होता, तळवा खाली करून बोटं आपल्याकडे हलवत, अगदी आपल्यासारखा. पंजा वर करून दुकानाच्या गल्ल्यावर बसणारं ते जपानी नशिबाचं मांजर गिऱ्हाइकाला असंच बोलावत असतं. अमेरिकन माणसाला मात्र ते मांजर ‘चल, फूट इथून’ म्हणतंय असं वाटतं. आमचं आणि मांजराचं जमलं म्हटल्यावर मी निर्धास्त झालो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीनं धम्मदीक्षा घेतली त्या जागेवर आज प्रचंड घुमटाचा स्तूप उभा आहे. आत पाहुणा कितीतरी वेळ गप्प उभा होता, म्हणून मीही होतो. बाहेर मूर्तींच्या दुकानात मात्र त्याची कळी खुलली. उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली, ती भूमिस्पर्श मुद्रा : माराला हरवताना बुद्धानं पृथ्वीला साक्षीला बोलावलं, तो क्षण. छातीशी दोन्ही हातांची बोटं जुळवलेली, ती धर्मचक्र मुद्रा : सारनाथचं पहिलं प्रवचन. प्रत्येक मूर्तीपुढे तो तसे तसे हात करून दाखवी आणि दुकानातल्या बाई मान डोलावत. त्यांचा अभ्यास आमच्यापेक्षा पक्का होता. “ह्या हाताचे दोनशे,” त्या म्हणाल्या, “अन् ह्या हाताचे अडीचशे जी. बोटं नाजूक असते, प्रवासात तुटते.” शेजारीच बाबासाहेबांचा पुतळा होता, तर्जनी उंचावलेला. पाहुण्यानं भुवया उंचावून त्या बोटाची दिशा विचारली. बाई क्षणभरही थांबल्या नाहीत. “दिल्लीकडं. संसदेकडं.”

त्यानं अभय मुद्रा घेतली. तळवा समोर, बोटं वर : भिऊ नकोस. परतताना व्हरायटी चौकात वाहतूक हवालदारानं हुबेहूब तीच मुद्रा केली आणि आमचा ऑटोवाला चळाचळा कापला. ग्रीसमध्ये हाच पंजा बोटं फाकवून कुणाच्या तोंडासमोर धरला तर मारामारी होते. बायझंटाइन काळात गुन्हेगारांच्या तोंडाला काजळी फासत, त्याची ती आठवण म्हणे. एकच तळवा, कुणाच्या मनगटाला जोडलाय ते आधी बघावं.

कामठीत काही अडलं नाही. जपानच्या मदतीनं बांधलेलं आणि १९९९ मध्ये खुलं झालेलं ते देऊळ, आत चंदनाची बुद्धमूर्ती. पाहुणा वाकला की मी वाकत होतो.

घात झाला तो सावजीत. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला हा स्वयंपाक : खसखस, खोबरं, काळा मसाला आणि वर लालभडक तर्री. पहिल्या घासालाच पाहुण्याच्या कपाळावर घाम डवरला. तेवढ्यात वाढपी आला. “रस्सा देऊ जी?”

पाहुण्यानं स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. ‘मी’ म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो, जपानी माणूस नाकावर बोट ठेवतो. तो बिचारा ‘मला विचारताय?’ एवढंच म्हणत होता. वाढप्यानं निदान केलं, “नाक व्हायलं जी त्याईचं,” आणि कागदी रुमालांचा गठ्ठा आणून ठेवला. रस्साही वाढला.

मग पाहुण्यानं हात नाकासमोर उभा धरून भराभरा हलवला. हे जपानी ‘नको, नको’. वाढपी आत ओरडला, “अबे, पंखा वाढव बे!” पंखा वाढला, रुमाल हॉलभर उडाले आणि त्या गडबडीत वाटी पुन्हा भरली.

शेवटी बिल मागावं म्हणून त्यानं अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं केलं. जपानात हे नाणं, म्हणजे पैसे. फ्रान्समध्ये हेच शून्य आणि ब्राझीलमध्ये, चारचौघांत सांगता येणार नाही असं काहीतरी. नागपुरात मात्र त्याचा अर्थ ‘एक नंबर’! वाढप्याचा चेहरा उजळला. “पाव्हण्याले लय आवडलं!” खुद्द मालक गल्ल्यावरून उठून पळीभर तर्री घेऊन आले.

आता मी मध्ये पडलो आणि वाटीवर पालथा हात धरला. इतरत्र याला ‘पुरे’ म्हणतात. विदर्भात इथून आग्रह सुरू होतो. बोटांच्या फटीतून तर्री बरोबर वाटीत गेली, थोडी माझ्या हातावर. मी हात झटकला. तेही त्यांना ‘येऊ द्या अजून’ वाटलं असावं.

पानात टाकायचं नाही म्हणून पाहुण्यानं तीही वाटी संपवली. मग डोळ्यांतून पाणी गळत असताना दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. जेवण झाल्यावर जपानी माणूस असे हात जोडून रांधणाऱ्याचे आभार मानतो. मालकांची पळी हवेतच थांबली.

“ठेव बे बादली,” ते वाढप्याला म्हणाले. “हात जोडून रायले ना बिचारे.” आणि माझ्याकडे वळून, जरा रागानंच, “नको होतं तं पयलेच सांगाचं ना जी!”