36 मिनिटांत गडचिरोली

मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाका, मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ लगेच हजर. आम्ही लाडानं चंद्रपूर ते गडचिरोली टाकलं. हवाई अंतर पंचाहत्तरएक किलोमीटर. ताशी 800 चा वेग आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरला, की झाली 36 मिनिटं. गडचिरोलीला विमानतळच नाही आणि चंद्रपूरच्या मोरवा धावपट्टीवरून तिकिटाचं विमान सुटत नाही, या फुटकळ बाबी गणित विचारात घेत नाही. एसटी मूल, सावली करत दोनेक तासांत पोचवते. वर भाडंही कमी.

चंद्रपूरकरांसाठी राजुऱ्याजवळ मूर्तीला मोठा विमानतळ व्हायचा आहे. तो अनेक वर्षं कागदावरच घिरट्या घालतोय. वनजमीन आडवी आली, वाघांचा भ्रमणमार्ग आडवा आला. वाघानं आपला मार्ग कुणाचं ना-हरकत प्रमाणपत्र न घेता आधीच आखून ठेवलेला. या भांडणात आम्ही वाघाच्या बाजूचे. विमान पकडायचंच असेल तर नागपूर आहे की, तीन तासांवर.

खरं हवाई अंतर मोजायचं ते गडचिरोलीच्या दक्षिणेला. गडचिरोली ते भामरागड आकाशातून शंभरएक किलोमीटर, रस्त्यानं पावणेदोनशेच्या घरात. पण श्रावणात तिकडच्या माणसाला अंतर विचारून पाहा. तो किलोमीटर सांगतच नाही. उलट तुम्हालाच विचारतो, "पर्लकोटेचं पानी उतरलं का जी?" पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर भामरागड तितकंच लांब, जितकं लंडन.

या जिल्ह्यात विमानं नसली तरी हेलिकॉप्टरांचा तोटा नाही. निवडणूक आली की हवाई दलाची हेलिकॉप्टरं मतदान यंत्रं आणि कर्मचारी घेऊन जंगलातल्या तळांवर उतरतात. यंत्र काही मिनिटांत पोचतं. मतदार मात्र नाला ओलांडून, चपला हातात घेऊन, पायी येतो. त्याच वाटेनं एरवी तापानं फणफणलेला माणूस खाटेची कावड करून चौघांच्या खांद्यावरून दवाखान्यात नेतात. पुरात अडकलेल्या गरोदर बाईसाठी कधीतरी हेलिकॉप्टर येतं, नाही असं नाही. पण त्याची बातमी होते. यंत्राच्या प्रवासाची बातमी होत नाही, कारण तो रीतसर वेळापत्रकात असतो.

आता एक गणित आमच्याकडून. 1 जानेवारी 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याच्या एसटी बसला हिरवा झेंडा दाखवला. स्वातंत्र्यानंतर तिथे पोचलेली ही पहिली बस. देश 15 ऑगस्ट 1947 ला निघाला होता. प्रवासाचा वेळ : 77 वर्षं, साडेचार महिने. थांबे किती घेतले, ते महामंडळाला विचारू नका. त्यात बिचाऱ्या महामंडळाचा दोष फार थोडा.