आवाज यायलाय का?

माझ्यात आत्मविश्वास नाही, हे आमच्या संस्थेत शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. तरीही 'महिलांमध्ये आत्मविश्वास निर्माण करणे (दोन दिवस, चहा-नाष्ट्यासह)' हे प्रशिक्षण माझ्या गळ्यात पडलं. पुण्याहून येणाऱ्या प्रशिक्षक बाईंचा घसा बसला होता, आणि त्या शनिवारी कार्यालयात हाताला काम नसलेला मी एकटाच सापडलो.

"सर, मला नाही जमायचं," मी म्हणालो.

"स्लाइड तयार आहेत. वाचायच्या फक्त," साहेब म्हणाले. "आणि हे तू इतक्या हळू बोललास की मला ऐकू आलेलं नाही."

माझी कीर्ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची. नांदेडहून लातूरकडे बसने येताना लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं लागतात. मला चाकूरच्या अलीकडच्या एका फाट्यावर उतरायचं होतं. त्यासाठी खच्चून भरलेल्या बसमध्ये मागच्या बाकावरून ओरडावं लागतं, "ओ मास्तर, फाट्यावर थांबवा." मी अहमदपूर सोडल्यापासून हे वाक्य मनात घोळवत होतो. 'ओ' म्हणावं की 'अहो', 'मास्तर' म्हणावं की 'कंडक्टर साहेब', हे ठरेपर्यंत फाटा गेला. चाकूरला बस थांबली तरी मी उठलो नाही, कारण कंडक्टरने "इतका वेळ काय झोपला होता का?" असं विचारलं असतं. पुढचं तिकीट मुकाट्याने काढून लातूरला उतरलो, गंजगोलाईत चहा प्यायलो आणि साहेबांना फोन करून सांगितलं की म्हटलं आधी मुख्य कार्यालय बघून घ्यावं.

नांदेडमध्ये जन्माला येऊन माणूस इतका मुखदुर्बळ कसा निघतो, हे कोडंच आहे. नांदेड म्हणजे नरहर कुरुंदकरांचं गाव. कुरुंदकर गुरुजी पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते, आणि आमच्याकडे अजूनही कुणी जरा लांब बोललं की लोक त्याची तुलना गुरुजींशी करतात, बहुतेक वेळा वक्त्याची अडचण करण्यासाठी. या गावात बारशालाही दोन भाषणं होतात. मी सतरंज्या घालणाऱ्यांत. माणूस सतरंजी घालत असला की त्याला कुणी 'दोन शब्द' बोलायला सांगत नाही, हे मी शाळेतच हेरलं होतं.

मग समाजकार्यात कसा शिरलो? तिथे गरीब, साधे लोक असतात, त्यांच्यापुढे भीती वाटणार नाही, असा माझा हिशेब होता. हा हिशेब किती उद्धट होता, ते पुढे कळलं.

मी लागलो 2016च्या जानेवारीत. ते साल लातूरकर विसरणार नाहीत. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायचं नाही. संस्था नोंदवायला कायद्याने किमान सात माणसं लागतात. म्हणजे त्या उन्हाळ्यात लातुरात संस्था काढता येत होती, पण तिच्या सगळ्या सभासदांना मिळून पाणी भरायला जाता येत नव्हतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आलेल्या त्या पाण्याचे फोटो काढायला, पाणी भरणाऱ्यांपेक्षा आम्ही संस्थावालेच जास्त होतो की काय, अशी मला अजून शंका आहे. माझ्याकडे बॅनरचं डावं टोक होतं. बॅनरमागे तोंड लपतं, म्हणून मी खूश होतो.

तर प्रशिक्षण सोमवारी होतं, जुलैत. रविवारी नांदेडला घरी गेलो तेव्हा पोटात गोळा आला होता. आईने विचारलं, "जेवणार का?" म्हटलं, भूक नाही. संध्याकाळी मात्र पाय आपोआप गुरुद्वाऱ्याकडे वळले. हुजूर साहिबला आम्ही नांदेडकर देवासाठी, शांततेसाठी आणि खरं सांगायचं तर लंगरच्या डाळीसाठी जातो. पंगतीत बसलो, जेवलो, ताट ठेवायला उठलो, तर एका दाढीवाल्या सेवादाराने माझ्या हातात डाळीची बादली दिली. काही विचारलं नाही. अर्ज नाही, मुलाखत नाही, 'तुमची बलस्थानं सांगा' नाही. बोटाने पंगत दाखवली आणि तो निघून गेला.

"दाल, वाहेगुरू," मी पुटपुटलो. कुणी वर पाहिलं नाही. माझ्या पुढे रोट्या वाढणाऱ्याचा आवाज खणखणीत होता, त्याच्यापुढे लोक दोन्ही हात पसरत होते. माझ्यामागे कोरड्या रोट्या धरून बसलेल्यांची रांग वाढत चालली. एक म्हातारे आजोबा माझ्याकडे असे बघायला लागले की मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी आवाज निघाला. "दाल, वाहेगुरू!" तिसऱ्या पंगतीपर्यंत मी चक्क ओरडत होतो. नंतर दारात चपला शोधताना लक्षात आलं की एवढ्या शेकडो माणसांपुढून फिरलो, पण कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे बादलीकडे बघत होते.

ही गोष्ट इतकी सरळ आहे की तेव्हा मला ती काही उपयोगाची वाटली नाही. मी घरी जाऊन स्लाइड पाठ करत बसलो.

सोमवारी गावच्या समाजमंदिरात तीस बायका जमल्या. पहिलं काम प्रपत्र भरून घेण्याचं. 'प्रशिक्षणापूर्वीचा आपला आत्मविश्वास दहापैकी लिहा.' तेच प्रपत्र शेवटी पुन्हा भरायचं आणि दोन आकड्यांमधला फरक म्हणजे आमचं कार्य. प्रस्तावात किमान चाळीस टक्के वाढ लिहून दिलेली होती, ती आणणं माझ्याकडे.

पहिल्या रांगेतल्या काकूंनी लिहिलं, 10.

"काकू, हा आधीचा आकडा लिहायचाय."

"आधीचाच लिवलाय की."

"दहापैकी दहा?"

"हाव. का, कमी पडलं का?"

"जास्त झालं. आत्ताच दहा असेल तर नंतर वाढणार कसा?"

काकूंनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. परीक्षेत नापास होणाऱ्या पोराकडे बघतात तसं. "मंग किती करू? तुमची नोकरी जायला नगं सर." त्यांनी दहा खोडून चार केले आणि मागे वळून हाळी दिली, "बायानो, सरांना चार पायजेत." तीसच्या तीस कागदांवर चार पडले. पुढे आमच्या अहवालात 'सहभागी महिलांच्या आत्मविश्वासात उल्लेखनीय समानता आढळली' असं वाक्य छापून आलं, ते या काकूंच्या कृपेने.

पहिली स्लाइड होती : रोज आरशासमोर उभे राहून स्वतःला सांगा, मी करू शकते.

"आरशापुढं उभं ऱ्हायलाव तर सासू म्हनंल, कुनाच्या लग्नाला चाललीस," मागून आवाज आला. हसू उसळलं. मी दुसऱ्या स्लाइडकडे धावलो, आणि लाईट गेली.

प्रोजेक्टर गेला, माइक गेला, पंखा गेला. माझ्यात जे काही होतं ते सगळं विजेवर चालणारं होतं. मी तोंड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. ती शांतता बहुतेक अर्ध्या मिनिटाची असेल. माझ्या हिशेबाने ती अजून संपलेली नाही.

"बस लेकरा," काकू म्हणाल्या. "दमलास तू. च्या येऊ दे." 'सर'वरून मी 'लेकरू' झालो होतो. ही बढती होती हे कळायला मला वेळ लागला.

चहा येईपर्यंत काकू भिंत न्याहाळत होत्या. उठून त्यांनी कोपऱ्यातल्या भेगेवर नख फिरवलं. "वरवरची हाय. नुस्ता गिलावा फुटलाय." मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं? बायका हसल्या. काकू 1994मध्ये संवाद सहायक होत्या.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीने लादलेली माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. 52 गावं जुन्या जागेवरून उठवून दुसरीकडे वसवावी लागली. पण त्याशिवाय शेकडो गावं अशी होती की घरं उभी होती, फक्त आत झोपायला कुणाची छाती होत नव्हती. त्यांच्यासाठी सरकारचा दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम निघाला. पैसा आणि इंजिनिअर सरकारचे; पण गावाला ते समजावून कोण सांगणार आणि गावाचं म्हणणं वर कोण पोचवणार? ते काम प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे आलं, आणि त्यांनी लातूर-उस्मानाबादच्या हजारावर गावांत ते महिला मंडळांतल्या बायकांवर सोपवलं. या बायकांचं नाव संवाद सहायक. आमच्यासारखी एखादी संस्था असती, तर त्यांना आधी आत्मविश्वासाचं प्रशिक्षण दिलं असतं आणि तोवर पावसाळा आला असता.

"पयल्या दिवशी इंजिनेर आला," काकू सांगायला लागल्या. "मी दाराआड, पदर नाकापस्तोर. त्यानं इचारलं, घरमालक कुटंयत? म्हनलं, शेतात. तो निगाला. मी म्हनलं, अवो, पन घरात तर मी ऱ्हाते."

"मग?"

"मंग थांबला की. काय करतो."

ग्रामसभेत पहिल्यांदा उठल्या तेव्हा त्यांनी फक्त स्वतःचं नाव सांगितलं आणि घामाघूम होऊन खाली बसल्या. "गावात माझं नावच कुनाला ठावं नव्हतं. अमक्याची सून, तमक्याची आई. सासरा शेजारच्याला इचारायला, ही कोन म्हनून." मिस्त्री लोक भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर वेगळे रचून मध्ये भरड भरत. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा दगड नसला की धक्क्यात भिंत मधोमध फुटते. तो आरपार दगड घालायचा हे काकूंना शिकवलेलं होतं, आणि मिस्त्री तो घालत नव्हता.

"दुसऱ्या सभेत नाव सांगायचंबी इसरले. उटून म्हनलं, दगड घातला न्हाई यानं. मिस्त्री म्हनला, बाईला काय कळतं. म्हनलं, उकरून दावू का?"

"भीती नाही वाटली?"

"भीती वाटायला याद तर पायजे. मला भिंत दिसायलती."

मला बादली दिसली. डाळीची, लंगरमधली. पण हे तीस बायकांपुढे सांगण्याइतका मी अजून तयार झालो नव्हतो, म्हणून चहा प्यायलो.

2001मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा इकडच्या बायका तिकडच्या बायकांना सोबत करायला गेल्या. काकूही गेल्या होत्या. मी विचारलं, तुम्हाला गुजराती येत होतं?

"त्यांला तर कुटं मराठी येत व्हतं?"

"मग बोललात कसं?"

"पडक्या घरापुढं बसलाव. त्याबी रडल्या, आमीबी रडलाव. मंग म्हनलं, चला, भिंती बगू."

दोन दिवस माझ्या प्रशिक्षणात मीच शिकत बसलो. एकीने नवऱ्याकडून एक एकर कसं मागून घेतलं ते सांगितलं. ही एक एकराची वाट स्वयं शिक्षण प्रयोगाचीच, घरच्या जमिनीतला एक एकर बाईने आपल्या हुकमतीत घ्यायचा, त्यात घरी खायला लागतं ते सगळं मिश्र पेरायचं. 2017मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या बाईला मात्र नवऱ्याने मुद्दाम सगळ्यात दगडाळ तुकडा दिला होता. दुष्काळात त्याचं सोयाबीन जळालं आणि हिच्या तुकड्यातली भाजी घरात आली. "आता म्हनतोय, दुसरं एकर घेती का," ती म्हणाली. "म्हनलं, इचार करून सांगते." यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. आरशाच्या स्लाइडला वाजल्या नव्हत्या.

शेवटी प्रपत्र आलं. बायकांनी आठ, नऊ, दहा असे उदार हाताने आकडे टाकले. माझी नोकरी वाचली. काकूंनी एक कोरा कागद मागून घेतला आणि वर माझं नाव लिहिलं. आधी : 2. नंतर : अडीच.

"अर्धाच का काकू?"

"लाईट गेल्यावर पळून गेला न्हाईस, त्येचा अर्धा. बाकीचं पुडच्या खेपेला. येतानी फाट्यावर उतर म्हंजे झालं." बसची गोष्ट त्यांना आमच्या ड्रायव्हरने सांगितली होती.

पुढच्या सोमवारी मी पहाटेच्या गाडीने नांदेडहून निघालो. बस भरलेली, बाहेर अजून अंधार, वर पाऊस. अहमदपूर गेलं. 'ओ' की 'अहो' याचा मी विचार केला नाही. रात्रभर एकच विचार होता, त्या दुसऱ्या एकराचं काय झालं असेल. खिडकीतून चहाच्या टपरीचा दिवा आणि निंबाचं झाड दिसलं, आणि मी उभा राहून असा ओरडलो की पुढच्या बाकावरचं तान्हं पोर जागं होऊन रडायला लागलं.

"ओ मास्तर! फाट्यावर थांबवा!"

सगळी बस मागे वळली. कंडक्टरने घंटीची दोरी ओढली. "इथं उतरणार?"

"हो, इथंच," मी म्हणालो, खणखणीत.

बस गेल्यावर टपरीवाल्याने कंदील वर धरला तेव्हा पाटी वाचली. आमचा फाटा पुढचा होता. मी छत्री उघडली आणि काकूंना फोन लावला.

"काकू, उतरलोय मी! आवाज यायलाय का?"

"यायलाय की. फोन नसता केला तरी आला असता," त्या म्हणाल्या. "कुटं उतरलास?"