शेड नंबर वाचतो कोण?

नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. ती कळावी म्हणून बाकड्यावर दोन्ही राज्यांची नावं रंगवावी लागली. नंदुरबारातल्या नव्या हॉलमध्ये तेवढाही खर्च नाही: सोफ्यापर्यंत फरशी दुधी, पुढे पिवळट. माल दोन्हीकडे मोरबीचाच, डिझाइनही तेच, फक्त खेप वेगळी. माती, ग्लेझ किंवा भट्टीची आच जराशी हलली की छटा बदलते, म्हणून तर खोक्यावर शेड आणि बॅच नंबर छापतात. पण मालक मुहूर्त वाचतो, मिस्त्री मोबाइल. दहा टक्के माल जादा घ्या, चार खोकी फोडून मिसळून लावा म्हटलं, की ‘पैसे काय झाडाला लागतात?’ मग ऐन वास्तुशांतीला दोन खोकी कमी पडतात आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, ‘शेठ, पोछा मारला की सेम दिसेल.’