उतारा शिकवावा कसा : काशीला निघालेल्या शिक्षकांसाठी सूचना

मे महिन्याच्या सुट्टीत काशीला जाणाऱ्या मराठी शिक्षकांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. घाट कोणता चांगला, कचोरी कुठली खावी, नावाडी किती मागतो आणि किती द्यावेत, सगळे कोणी ना कोणी सांगतेच. धंद्यातल्या धोक्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. या गावात शेकडो वर्षे माणसे मजकुराचा अर्थ लावत बसली होती आणि त्यांतली बरीचशी आपल्याकडचीच होती. उताऱ्यावरचे प्रश्न शिकवणाऱ्या माणसाला तिथली हवा बाधते. म्हणून निघण्यापूर्वी या सूचना वाचाव्यात. वाचताना अर्थ कळू लागला तर घाबरू नये. शाळा सुरू झाली की आपोआप बरे वाटते.

प्रथम आपली प्रमाण पद्धत घोटून घ्यावी. विद्यार्थ्याने उतारा वाचू नये. आधी प्रश्न वाचावा, त्यातला ठळक शब्द पेन्सिलीने अधोरेखित करावा आणि तोच शब्द उताऱ्यात शोधावा. सापडला की मागच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंतचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवावा. आकृतिबंध असल्यास चौकटी मोजाव्यात. चार चौकटी म्हणजे चार मुद्दे. पाचवा सुचला तर तो खोडावा. स्वमत विचारले असल्यास ‘मला असे वाटते की’ असे लिहून पुढे लेखकाचेच वाक्य जोडावे.

या पद्धतीचे यश पाहायचे असेल तर चौथीचे ‘शिवछत्रपती’ आठवावे. शिवरायांचा राज्याभिषेक कोणी केला? सारा वर्ग एका सुरात सांगेल : गागाभट्टांनी. इथेच थांबावे. गागाभट्ट मूळच्या पैठणच्या घराण्यातले, काशीत स्थायिक झालेले मीमांसक होते. मीमांसा म्हणजे वाक्याचा अर्थ कसा ठरवायचा याचेच शास्त्र. १६७४ साली रायगडावर राजा व्हायला शास्त्राचा असा अर्थ लावणारा माणूस थेट काशीहून का यावा लागला, हा प्रश्न एखाद्या मुलाच्या मनात आला तर तास संपेपर्यंत तो तिथेच राहील याची काळजी घ्यावी. एका वाक्यातले उत्तर मिळाले आहे.

आता धोके. मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी ग्रंथाचे तात्पर्य ओळखायला सहा खुणा सांगितल्या आहेत : सुरुवात आणि शेवट यांचा मेळ, पुन्हा पुन्हा काय येते, नवे काय सांगितले, त्याचे फळ काय, स्तुतिनिंदा कशाची केली, आणि युक्तिवाद कोणता. या सहाही खुणांसाठी पूर्ण मजकूर वाचावा लागतो. वेळापत्रकात हे बसत नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

याहून वाईट म्हणजे पूर्वपक्ष. आपले म्हणणे मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे मांडायचे, तेही असे की तो स्वतःही त्याहून चांगले मांडू शकला नसता, आणि मग त्याला उत्तर द्यायचे. समजले की नाही याची या लोकांची परीक्षा ही : तुला आक्षेप घेता येतो का? नागेशभट्ट काळ्यांनी काशीत बसून पाणिनीच्या व्याकरणाचा अर्थ लावण्याच्या नियमांवर ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहिला, आणि त्यावर शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी टीका लिहिली, तिचे नाव ‘गदा’. वर्गातल्या वातावरणाची कल्पना यावरून यावी. काशीतल्या जैतपुऱ्याच्या नागकूपावर तर नागपंचमीला उघड शास्त्रार्थाची परंपरा आहे. सुदैवाने नागपंचमी श्रावणात येते आणि तेव्हा आपली घटक चाचणी चालू असते.

काशीत आपल्याला आधार वाटेल अशी जागा एकच, वेदपाठशाळा. तिथे घनपाठ ऐकावा. पहिले पद, दुसरे, दुसरे, पहिले, मग पहिले-दुसरे-तिसरे, उलटे, पुन्हा सुलटे. एक स्वर हलत नाही. मजकूर इतकी शतके जसाच्या तसा टिकला तो या घोकण्यामुळे. इथे थट्टा बाजूला ठेवून मान लववावी. पण लगेच भारावून आपल्या पाठांतराचे समर्थन सुरू करू नये, कारण निरुक्तात अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला ओझे वाहणारा खांब म्हटले आहे. निरुक्त हे वेदांगच, तेव्हा तक्रार घरातलीच. आपल्या सरकारनेही २०२१च्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, तेही अर्थासह, असे ठरवले आहे. साठ शब्द घड्याळ लावून मोजता येतात. ‘अर्थासह’साठी तक्त्यात रकाना आहे, त्यात बरोबरची खूण करावी.

शेवटचा धोका पैठणच्या एकनाथांचा. त्यांचा उतारा होता भागवताचा अकरावा स्कंध, १,३०० हून थोडे अधिक श्लोक. उत्तर झाले १८ हजारांवर ओव्यांचे, स्वतःच्या शब्दांत आणि वर मराठीत. सुरुवातीचे पाच अध्याय पाहून काशीचे पंडित संतापले आणि नाथांना बोलावून घेतले, असे सांगतात. ग्रंथ पुरा झाला तो वाराणसीतच, मणिकर्णिकेच्या तीरी, शके १४९५ म्हणजे १५७३ साली. पुढे त्याच पंडितांनी तो वाचला, मत बदलले आणि ग्रंथाची मिरवणूक काढली, अशीही कथा आहे. उत्तर वाचून परीक्षकाने मत बदलावे अशी सोय आपल्या गुणदान योजनेत नाही. तेव्हा असला पेपर हाती आल्यास गोंधळू नये. पुरवण्यांचा दोरा घट्ट बांधला आहे का ते पाहावे. नमुना उत्तराशी ताडून पाहावे आणि न जुळल्यास दोनपैकी अर्धा गुण द्यावा. विद्यार्थ्याने पुनर्मूल्यांकन मागितलेच, तर छायाप्रतीचे शुल्क पानांवर आकारावे.