चार फुटांखालची थंडी

नोव्हेंबर सरता सरता हवामान विभागाचा हिवाळ्याचा अंदाज येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी, तीन महिन्यांचा. किमान तापमान कुठे सरासरीच्या वर राहण्याची शक्यता जास्त, कुठे खाली, थंडीच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त की कमी, एवढं त्यात असतं. बातमीत त्याची एक ओळ उरते: ‘यंदा कडाक्याची थंडी’ किंवा ‘यंदा थंडी बेताचीच’. दोन्ही ओळी अपुऱ्या आहेत. तीन महिन्यांच्या बेताच्या सरासरीत चार जीवघेण्या रात्री सहज मावतात. बाग करपायला आणि फुटपाथवरचा म्हातारा गारठून जायला त्यातली एक रात्र पुरते.

शिवाय छापून येणारा आकडा कुठल्या हवेचा, हे कुणी सांगत नाही. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. ते योग्यच आहे; मोजमाप सगळीकडे सारखं हवं. पण आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की जमीन दिवसभराची ऊब रात्री आकाशात सोडून देते. मग खालची हवा पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होते. आपण सकाळी ‘पारा ८ अंशांवर’ वाचतो, तेव्हा गवताच्या पात्याने त्याहून बरंच कमी सोसलेलं असतं.

या खालच्या थराचा अभ्यास आपल्याकडेच झाला. हवामान विभागाची कृषी शाखा १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि एल. ए. रामदास तिचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी दाखवून दिलं, की शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सगळ्यात गार हवा मातीला चिकटून नसते. ती वीतभर ते हातभर वर असते. बाहेरच्या शास्त्रज्ञांचा यावर बराच काळ विश्वास बसला नाही. आज तो थर रामदासांच्या नावाने ओळखला जातो. वीतभर ते हातभर म्हणजे कुठे? कोवळ्या रोपाचा शेंडा तिथे असतो. उघड्यावर झोपलेल्या पोराचं अंगही तिथेच असतं. नव्वद वर्षांपूर्वी पुण्यात कळलेली ही गोष्ट जिल्हा प्रशासनाच्या थंडीच्या तयारीत दिसली पाहिजे.

महाबळेश्वरचंच बघा. वेण्णा तलावाकाठी, लिंगमळ्याला दव गोठलं की ‘महाबळेश्वरात बर्फ’ असा मथळा येतो आणि गाड्या घाट चढू लागतात. हिमवर्षाव ढगांतून होतो. हे पानांवर, गाड्यांच्या टपांवर, जेटीच्या फळ्यांवर गोठलेलं दव आहे. पेटीतला पारा शून्याच्या वर असतानाही ते गोठतं, कारण खाली शून्य गाठलेलं असतं. फोटो जरूर काढावेत. पण त्याच पहाटे शेजारच्या वाफ्यात स्ट्रॉबेरीच्या फुलाचा मधला भाग काळा पडतो आणि त्या फुलाला धड फळ धरत नाही. बातमीत एक फोटो त्या फुलाचाही हवा.

आता ‘लाटे’ची व्याख्या. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं, आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेलं हवं. नाहीतर पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली यायला हवा. अंदाज देणाऱ्यांना अशी रेघ लागतेच. मात्र ब्लँकेटं वाटणाऱ्यांनी त्या रेघेची वाट बघू नये. भारतातल्या मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. कडाक्याच्या थंडीपेक्षा सौम्य थंडीशी जोडले गेलेले मृत्यू कितीतरी जास्त निघाले. पक्षाघात, हृदयविकार, श्वसनाचे आजार. सौम्य थंडीचे दिवस पुष्कळ असतात आणि त्यांची कुणी दखल घेत नाही. ‘गुलाबी थंडी’ म्हणून आपण ज्या दिवसांचं कौतुक करतो, ते हेच दिवस.

नागपूरने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, चांगलं केलं. त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला होता. शहराच्या नोंदींतला तो नीचांक. तेव्हा थंडीचाही लेखी आराखडा हवा, आणि प्रत्येक महापालिकेचा हवा. एक लाख शहरी लोकसंख्येमागे निदान शंभर जणांचा कायमचा रात्रनिवारा, हा सरकारचाच निकष आहे. आयुक्तांनी रात्री अकराला स्टेशनबाहेर चक्कर मारावी, उघड्यावर किती जण झोपलेत ते मोजावं आणि मग निवाऱ्यातल्या खाटा मोजाव्यात.

शहराबाहेर याहून वाईट आहे. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि ऐन थंडी उसाच्या फडाजवळ काढतात. पाचटाच्या कोपीत, मातीवर, तान्ह्या पोरांसकट. ओल्या मातीवर गारठा आणखी झोंबतो, आणि माणसं उजाडायच्या आत कोयता घेऊन बाहेर पडलेली असतात. डोक्यावर धड आडोसा असला तर ऊब आकाशात निसटत नाही, म्हणून साधी ताडपत्रीही मोठं काम करते. ताडपत्री, जाड अंथरूण, ब्लँकेट, पहाटे गरम पाणी. गाळपाचा परवाना देताना साखर आयुक्तालयाने ही अट घालावी. यात परवडत नाही असं काही नाही.

निफाडच्या आकड्याकडे राज्य दरवर्षी मौजेने बघतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, याची बातमी होते. गव्हा-हरभऱ्याला ती थंडी मानवते. द्राक्षाची मात्र फुगवण थांबते, आणि पुढे ऊन वाढलं की मणी तडकतात. बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकने पाणी सोडतो, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. त्याला तीन महिन्यांची सरासरी नको आहे. नेमकी रात्र चार दिवस आधी कळायला हवी. ती बरीचशी कळू शकते. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतो, काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतं, तो पुढे सरकतो, आभाळ मोकळं होतं आणि उत्तरेचे कोरडे वारे खानदेशात, नाशकात उतरतात. मनालीतल्या बर्फाची बातमी द्राक्ष आणि केळी उत्पादकांसाठी इशारा असते.

हा इशारा तालुक्याच्या भाषेत सांगण्यासाठी २०१८ नंतर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली. देशभरात जवळपास दोनशे. २०२४ मध्ये ती बंद केली गेली. मला हा निर्णय अक्षम्य वाटतो. उपग्रह वाढले, संगणक मोठे झाले, आणि ‘परवा रात्री पाणी द्या’ असं सांगणारा जवळचा माणूस तेवढा काढून घेतला.

राहिलं धुकं. हजार मीटरच्या आतलं दिसेनासं झालं की ते धुकं. दोनशेच्या आत दाट, पन्नासच्या आत अतिदाट. विदर्भ-मराठवाड्यात त्याला धुई, धुवारी म्हणतात आणि तुरीचा फुलोरा गळेल म्हणून धास्ती घेतात. ती धास्ती खरी आहे. पण उसाच्या पट्ट्यात त्याच धुक्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या पहाटे रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो, आणि बाहेर आलेल्या उसाने होती ती रेडियमची पट्टीही झाकलेली असते. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लागायला अंतर उरलेलं नसतं. रेडियमची पट्टी स्वस्त मिळते. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉलीचं वजन होतंच. तिथेच मागची पट्टी तपासा, आणि नसेल तर लावल्याशिवाय रिकामी ट्रॉली फाटकाबाहेर सोडू नका. पहिल्या धुक्याच्या आधी, याच आठवड्यात.