चोराचा वाटा दहा टक्के

मैत्रिणीच्या घशात पॅनकेक अडकला आणि ती डोळ्यांदेखत गेली, तर माणूस काय करतो? आधी तिला वाचवायची धडपड करतो, ॲम्ब्युलन्स बोलावतो, पोलिसांना जबाब देतो. जून हेवर्ड यातलं सगळं करते. शिवाय मैत्रिणीच्या कादंबरीचं हस्तलिखित उचलून घरी आणते. मैत्रीण, म्हणजे अथेना लिऊ, टाइपरायटरवर लिहिणारी. संगणकात प्रत नाही, क्लाउडवर प्रत नाही, आणि पुरं होईपर्यंत कुणाला दाखवायची पद्धतही नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी इतकं आयतं क्वचितच कुणाच्या हाती लागलं असेल.

आर. एफ. कुआंग या चिनी-अमेरिकन लेखिकेची ‘यलोफेस’ ही कादंबरी मे २०२३ मध्ये आली. तिची गंमत अशी की सगळी गोष्ट चोर स्वतःच सांगते, तीही अगदी सोज्वळ चेहऱ्याने. जूनची पहिली कादंबरी आपटलेली, आणि अथेनाने मृत्यूच्याच रात्री नेटफ्लिक्सबरोबरचा करार साजरा करायला घेतलेला. आता अशा वेळी मत्सर वाटला नाही तर ती लेखिका कसली! जून आधी फक्त स्वल्पविराम नीट करते. मग अर्धवट वाक्यं पुरी करते, मग प्रकरणं इकडची तिकडे हलवते. एवढे कष्ट उपसल्यावर कुणालाही वाटणारच की पुस्तक आपलंच. आपल्याकडे कसेल त्याची जमीन. तिकडे तपासेल त्याची कादंबरी.

हस्तलिखिताचा विषय म्हणजे पहिल्या महायुद्धातले चिनी मजूर. ब्रिटन आणि फ्रान्सने सुमारे १ लाख ४० हजार चिन्यांना युरोपात नेलं, त्यांच्याकडून खंदक खणून घेतले, जहाजांवरचा माल उतरवून घेतला आणि नंतर इतिहासात त्यांना एका ओळीची जागा दिली. जून आणि तिची संपादक या मजुरांवर फार मेहनत घेतात. म्हणजे काय करतात, तर कादंबरीतले गोरे लोक जरा प्रेमळ करून घेतात. वाचकाचं मन दुखावता कामा नये.

मग येतो नावाचा प्रश्न. हेवर्ड हे आडनाव चिनी मजुरांवरच्या कादंबरीला शोभत नाही. पण जूनच्या हिप्पी आईने लेकीचं मधलं नाव ‘साँग’ ठेवलेलं असतं! झालं, मुखपृष्ठावर ‘जुनिपर साँग’. मागच्या फोटोत चेहरा असा, की बघणाऱ्याने हवा तो वंश समजून घ्यावा. कुणी खोटं बोललं का? छे. आईने ठेवलेलं नाव खोटं कसं असेल?

इथपर्यंत वाचून तुम्ही जूनवर चिडला असाल, तर जरा थांबा. अमेरिकेत हार्डकव्हर पुस्तकावर लेखकाला छापील किमतीच्या साधारण दहा टक्क्यांपासून पुढे रॉयल्टी मिळते, खप वाढला की पंधरापर्यंत. त्यातले पंधरा टक्के एजंटचे. म्हणजे एवढा जीव धोक्यात घालून, मेलेल्या मैत्रिणीचं भूत मानगुटीवर घेऊन, चोराच्या पदरात पडतात शेकडा दहाच्या आसपास. उरलेल्या नव्वदांचे धनी चोरी करत नाहीत. ते फक्त विचारत नाहीत. सगळ्या प्रकाशनगृहात शंका येते ती कॅन्डिस ली नावाच्या एका साहाय्यक संपादिकेला. चिनी माणसांवरचं पुस्तक आहे, तर चिनी पार्श्वभूमीच्या कुणाला तरी छापण्याआधी वाचायला देऊ या, एवढंच ती सुचवते. तिला आधी या पुस्तकावरून काढतात आणि पुढे नोकरीही जाते. शंका काढणारा हा धंद्यातला एकमेव अनुत्पादक माणूस.

हे कादंबरीत झालं म्हणून अतिशयोक्ती समजू नका. २००६ साली काव्या विश्वनाथन या हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीची कादंबरी गाजत असतानाच तिच्यात मेगन मॅकॅफर्टीच्या कादंबऱ्यांतले उतारे सापडले. प्रकाशकाने प्रती परत मागवल्या. मुलगी म्हणाली, वाचलेलं नकळत डोक्यात राहिलं. जगाने तिला धारेवर धरलं. त्या पुस्तकाच्या कॉपीराइटवर तिच्या नावाबरोबर आणखी एक नाव होतं: पुस्तकांचं ‘पॅकेजिंग’ करणाऱ्या, म्हणजे कल्पनेपासून पुस्तक जुळवून देणाऱ्या कंपनीचं. ते आज कुणाला आठवतं?

२०१५ चं प्रकरण तर कुआंगबाईंनाही सुचलं नसतं. मायकेल डेरिक हडसन या गोऱ्या कवीची एक कविता, त्याच्याच हिशेबाने, ४० ठिकाणांहून परत आली. त्याने ‘यी-फेन चौ’ हे नाव लावलं आणि ती छापली गेली. पुढे त्या वर्षीच्या ‘बेस्ट अमेरिकन पोएट्री’तही आली. संपादक शर्मन अलेक्सी यांना खरं कळलं, तरी त्यांनी कविता ठेवली. कविता तीच, शब्द तेच. बारसं तेवढं नवं.

आपल्याकडे असं होत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. कारण चोरून पुरेल एवढं मानधनच नसतं. हजाराची आवृत्ती संपता संपत नाही आणि लेखकाला रॉयल्टीऐवजी स्वतःच्याच पुस्तकाच्या प्रती मिळतात. अशा घरावर कोण दरोडा घालणार? आपली परंपरा उलट आहे. स्वतः लिहायचं आणि खाली मोठ्या माणसाचं नाव टाकायचं. संतांच्या गाथांत प्रक्षिप्त अभंग इतके, की संशोधकांची हयात ते निवडण्यात गेली. नामदेवांच्या गाथेत तर नंतरच्या दुसऱ्याच ‘नाम्यां’ची रचना येऊन बसली. आजही सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर जो सुविचार येतो त्याखाली पु. ल. नाहीतर व. पु. असतातच. बिचाऱ्यांना आपण काय काय लिहिलं हे कळायला पुन्हा जन्म घ्यावा लागेल.

असो, मुद्दा कॅन्डिसचा होता. तिच्यासारख्या खऱ्याखुऱ्या मंडळींचं बघा. १० नोव्हेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेचे सुमारे अडीचशे कर्मचारी संपावर गेले. एक मागणी अशी, की सुरुवातीचा पगार वर्षाला ४५ हजार डॉलरवरून ५० हजार करावा. न्यूयॉर्कचं घरभाडं ज्याने ऐकलंय त्याला यात चैनीची मागणी दिसणार नाही. संपादन, जाहिरात, डिझाइन करणारी ही मंडळी ऐन थंडीत फलक घेऊन रस्त्यावर उभी राहिली. तीन महिने उलटल्यावर, फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड झाली. आणि मे महिन्यात अमेरिकेत ‘यलोफेस’ बाजारात आणली ती कुणी? हार्परकॉलिन्सच्याच विल्यम मॉरो या शाखेने. आपल्याच धंद्याची लाज काढणारं पुस्तक, त्यातल्या नोकरी गेलेल्या साहाय्यक संपादिकेसकट, उत्तम बांधणीत, झगझगीत पिवळ्या वेष्टनात! त्याला पुढच्या वर्षी ब्रिटिश बुक अवॉर्ड्समध्ये कादंबरीचा पुरस्कारही मिळाला. शिवी अंगाला लागू न देता तिला थेट किंमत लावायची, ही कला आपल्या राजकारण्यांनी शिकून घेण्यासारखी आहे.

कादंबरीच्या शेवटी कॅन्डिस जूनचं बिंग फोडणारं पुस्तक लिहायला घेते, आणि तिच्याशीही करार करायला प्रकाशक सापडतोच. जून काय करते? तीही आपली बाजू मांडणारं पुस्तक लिहायचं ठरवते. चोरीचं एक, चोर पकडल्याचं एक, चोराच्या कैफियतीचं एक. गिऱ्हाईक तेच, गल्ला तोच.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा, पण विकत घेऊन. ‘पीडीएफ आहे का?’ असं ग्रुपवर विचारू नका. त्यात ते दहा टक्केही लेखिकेला मिळत नाहीत.